गोदावरीबाईंची प्रेमला

प्रेमला वैरागडेचं घर रायपुरातल्या आमच्या बूढापाऱ्यात, माझ्या घराला लागून आहे. दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरकावं लागतं, अशी आमची गल्ली. मी सरला. इथल्याच एका शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपूरचं, त्यामुळे आमची मराठी कधीच पातळ होऊन गेली. वैरागडे मात्र आर्वीकडचे. प्रेमलाचे वडील रेल्वेत लागले आणि बिऱ्हाड घेऊन इकडे आले. त्यांना सगळे नाना म्हणायचे. त्यांच्या घरात अजूनही मले-तुले चालतं, आणि भिंतीपलीकडून ते ऐकायला मला फार आवडतं.

प्रेमला एक सौ आठच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करते. ती गाडी चालवत नाही. चालवणाऱ्याला तिथं पायलट म्हणतात. प्रेमला मागं पेशंटजवळ असते, दवाखान्याच्या दारापर्यंत त्याला जिवंत पोचवणं हे तिचं काम. त्या कामाला मोठं इंग्रजी नाव आहे, पण गल्लीत तिला 'एक सौ आठवाली दीदी' एवढंच म्हणतात.

त्या आधी ती शंकर नगरच्या एका नर्सिंग होममध्ये सिस्टर होती. सावलीतलं, बसल्या जागेचं काम होतं. गाड्या शहरात नव्यानं आल्या आणि भरती निघाली, तेव्हा तिनं ते सोडलं. ट्रेनिंग घेतलं आणि निळा गणवेश चढवून उन्हातान्हात फिरायला लागली. मी एकदा विचारलं, "काय गं, चांगलं चाललं होतं, काहून सोडलं?"

ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "काकू, वॉर्डात येते तो माणूस नाव सांगून येते. रस्त्यावर बिननावाची माणसं भेटतात."

एवढंच बोलली. मला पुढं विचारावं लागलं नाही.

तिचा धाकटा भाऊ दिवाकर. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, त्या दिवसांतला कॉलेजातला पोरगा. रोज नवी पाटी लागायची, मंत्रालय कुठं होणार, कोणाला नोकरी लागणार, सगळ्या गावात हीच चर्चा. नानांनी ओळखीतून एका सरकारी कार्यालयात त्याच्यासाठी शब्द टाकला होता. दिवाकरला ते नको होतं. त्याला काय हवं होतं ते त्यालाही नीट सांगता येत नव्हतं, मुंबई म्हणायचा, सुरत म्हणायचा. बापलेकांत वाजलं. नाना म्हणाले, "माह्या घरात राहाचं तं माह्या म्हणण्यानं राहा लागते." दिवाकर हिंदीत उत्तर द्यायचा नेहमी. त्याची आई, गोदावरीबाई, मराठीत विचारायच्या, तो हिंदीत बोलायचा आणि त्या चिडायच्या. त्या दिवशीही तो म्हणाला, "ठीक है, नहीं रहता." चप्पल घातली आणि गेला. सगळ्यांना वाटलं तलावावर जाऊन बसला असेल.

नंतर एकदाच त्याचा फोन आला होता, माझ्या घरी, कारण गल्लीत तेव्हा फोन माझ्याचकडे होता. "काकी, माँ है क्या?" मी रिसीव्हर तसाच ठेवून धावत गेले. गोदावरीबाई कणकेच्या हातानं धावत आल्या. तोवर लाइन तुटली होती. त्या किती वेळ तो रिसीव्हर कानाला लावून उभ्या होत्या. फोनला कणीक लागली होती, ती मी पुढं बरेच दिवस पुसली नाही.

नाना दोन-चार वर्षांनी गेले. प्रेमलाची स्थळं आली. भंडाऱ्याचा एक मुलगा तर घरी येऊन चहा पिऊन गेला, तिलाही तो आवडला होता असं मला वाटतं. पण आईला एकटं टाकून कसं जायचं, आणि आई तर हे घर सोडायला तयार नाही. दिवाकर आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? म्हणून भंडारा राहिलं. प्रेमला कधी त्याबद्दल कुरकुरली नाही. फक्त लग्नाच्या वराती गल्लीतून गेल्या की ती आत काहीतरी काम काढायची.

ती ड्युटीवरून घरी आली की गोदावरीबाई पाण्याचा तांब्या द्यायच्या आणि विचारायच्या, "आज कोणी तसा भेटला का?" तसा म्हणजे बिननावाचा, तिशीतला, उंच. प्रेमला म्हणायची, "नाही आई." मग दोघी जेवायच्या.

कामाचं ती माझ्याशी मोकळेपणानं बोलायची. माझ्या ओट्यावर बसून पाय चोळत सांगायची. हार्ट अटॅकबद्दल सगळ्यात जास्त, कारण तिथं लोकांचा फार गैरसमज. "काकू, सगळ्यांले वाटते माणूस छातीवर हात ठेवून धाडकन पडते. तसा पडणारा लवकर समजते तरी. बाकीचे गॅस म्हणून सोडा पिऊन बसतात." पोचल्याबरोबर ती काय बघते ते सांगायची. चेहरा राखेसारखा पडलाय का, घाम थंड आहे का. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं का, कळ हातात, पाठीत, जबड्यात जाते का. आणि बायका असल्या, शुगरचे पेशंट असले, तर छातीत काही दुखतच नाही कधीकधी. नुसतं गळून गेल्यासारखं होतं, मळमळतं, दम लागतो. "बाई म्हणते, दोन दिवसांपासून भाकरी थापता थापता बसा लागून राहिलं. घरचे म्हणतात, थकली असंल. मी अशा बाईले आधी मशीन लावतो, मग बाकीचं विचारतो." मशीन म्हणजे छातीला तारा लावून हृदयाची रेघ काढणारं. बूढा तलावाजवळ त्यांची गाडी उभी असायची ती मोठी होती, त्यात ते मशीन होतं आणि शॉक द्यायचंही.

तिचा पायलट लहानू मेश्राम. डोंगरगडकडचा, घरात मराठी, बाहेर सगळी हिंदी आणि छत्तीसगढी. मराठी समजायची, उत्तर मात्र हिंदीतून. प्रेमलाला दीदी म्हणायचा. सडपातळ, कानात बाळी, आणि आवाज घशातून येणारा, जरा खरखरीत. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून प्रेमलाला हाक मारायचा तेव्हा आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची.

संक्रांत झाली होती. त्या वर्षी थंडी होती चांगली, मी दुपारीही शाल घेऊन बसले होते. तिळाच्या वड्या द्यायला मी गोदावरीबाईंकडे गेले. त्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. समोर अर्धवट निवडलेली मेथी. मी म्हटलं, "काय हो, अशा काय बसल्या?"

"दाढ दुखून राहिली कालपासून," त्या म्हणाल्या. "अन् मळमळते. कोरडा ओवा खाल्ला."

मी हात धरला तर हात ओला. त्यांची चोळी पाठीला चिकटली होती. मला शाल लागत होती आणि त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही, पण ते बघून हातातल्या वड्या मी तिथंच ठेवल्या. मी प्रेमलाला मोबाईल लावला. ती ड्युटीवर होती.

"काकू, दाढ कोणती दुखते? एक दाखवता येते का, का सगळा जबडाच?"

मी विचारलं. गोदावरीबाईंनी हनुवटीपासून कानापर्यंत पंजा फिरवला.

"सगळा जबडा," मी सांगितलं.

"वाक्य पूर्ण बोलते का, का मधात दम घेते?"

"मधे थांबतात गं."

 मग तिचा आवाज बदलला. घरची प्रेमला गेली आणि मी कधीच न ऐकलेली एक बाई बोलायला लागली. "तिले उठू देऊ नका. संडासलेही जाऊ देऊ नका. भिंतीले टेकून पाय दुमडून बसवा. आता पाणी नको, ओवा नको. तुम्ही फोन ठेवा आणि एक सौ आठ लावा, तिथून कॉल आल्याशिवाय गाडी हलत नाही. लावा लगेच."

मी लावला. पत्ता सांगितला. जवळची गाडी म्हणजे तलावाजवळची, तिचीच. मी परत येऊन गोदावरीबाईंपाशी बसते न बसते तोच सायरन ऐकू आला.

गाडी गल्लीत शिरणं शक्यच नव्हतं. लहानूनं ती तोंडाशी आडवी लावली. प्रेमला खांद्यावर लाल बॅग आणि हातात मशीन घेऊन धावत आली, मागं लहानू खुर्चीसारखं दुमडतं स्ट्रेचर घेऊन. आत आल्यावर तिनं आधी काहीच केलं नाही. दारात उभं राहून आईकडे बघितलं फक्त. मग गुडघ्यावर बसली.

"आई, मी आली."

"तू काहून आली? ड्युटी सोडून?"

"ड्युटीच करून राहिली." तिनं नाडी धरली, बोटाला चिमटा लावला, पट्टा गुंडाळून बीपी घेतलं. छातीवर तारा चिकटवल्या. कागद बाहेर आला. ती रेघ तिनं लहानूला दाखवली नाही, मला दाखवली नाही. एकदा डोळे मिटले, उघडले आणि मोबाईलवर त्यांच्या डॉक्टरांना इंग्रजी-हिंदीत भराभर सांगायला लागली. त्यातला माझ्या लक्षात राहिला तो एकच शब्द, 'मदर'.

पलीकडून, दुसरं कोणी पाठवू का, असं विचारलं असावं. ती म्हणाली, "नहीं सर, मैं कर लूँगी."

एक गोळी तिनं आईच्या तोंडात घातली. "गिळू नको. चाव. कडू लागते, चाव तरी."

"जिभेखालची देतात ना?" मी विचारलं. नानांच्या वेळचं मला आठवत होतं.

"बीपी पडून आहे काकू. ती दिली तं अजून पडंल." तिनं आईच्या हाताची शीर शोधून सुई लावली. शीर पहिल्यांदा सापडली नाही. दुसऱ्यांदा सापडली. तोवर तिनं खालचा ओठ दाताखाली धरला होता.

गोदावरीबाई उठायला लागल्या. "मी चालतो ना. गल्लीत काय उचलून नेता, लोक पाहतात."

"एक पाऊल नाही," प्रेमला म्हणाली. "एक पाऊल टाकशील तं माहं सारं केलेलं पाण्यात जाईल."

मग आम्ही गल्लीतून निघालो. लहानू पुढून, समोरचा किराणावाला मागून, मधे खुर्चीत गोदावरीबाई, आणि प्रेमला सलाइनची बाटली वर धरून बाजूनं. स्कूटरवाले उतरून भिंतीला चिकटले. गोदावरीबाई पदर डोक्यावर ओढत होत्या.

एक नातेवाईक गाडीत लागतो म्हणून मी चढले. मला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं, पट्टा बांधला आणि बाटली धरायला दिली. गाडी निघाली. दवाखान्याला प्रेमलानं फोन करून ठेवला होता, येतोय म्हणून, म्हणजे दारातच सगळे तयार राहतील. मशीनवर हिरवी रेघ उड्या मारत होती. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तिच्याकडेच बघत होते.

कालीबाडीच्या चौकापाशी गाडी अडली. लहानूनं समोरून ओरडून विचारलं, "दीदी, आगे पूरा जाम है। गली-गली निकाल लूँ?"

गोदावरीबाईंचे डोळे मिटलेले होते. ते उघडले.

"दिवाकर आला का?"

 प्रेमला आईच्या तोंडावरचं ऑक्सिजनचं मास्क नीट करत राहिली.

"दिवाकर बोलला ना आत्ता?" त्यांनी मास्क ओढून काढलं. "गाडी थांबव म्हणा. पुढं काहून बसला तो? इकडं ये म्हणा." त्या कोपरावर उठायला लागल्या. मशीनची टिकटिक भराभर व्हायला लागली. प्रेमलानं त्यांचे खांदे धरले. "आई, झोप. लहानू आहे तो. आपला लहानू."

"मले समजत नाही का माह्या पोट्ट्याचा आवाज? दिवाकर! ए दिवाकर!"

घाम, दम, आणि वर ही धडपड. मलाही कळत होतं की हे बरं नाही. प्रेमलानं एकदा माझ्याकडं पाहिलं. त्या बघण्यात काय होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मग ती मान वळवून पुढच्या खिडकीकडं ओरडली.

"लहानू, जवाब दे. हो म्हण."

पुढून नुसता हॉर्न वाजला.

"लहानू! हो म्हण तिले!"

"हव अम्मा," लहानू म्हणाला. "मैं हूँ। आप लेटे रहो।"

गोदावरीबाई थांबल्या. "कधी आला?"

"अभी आया अम्मा।"

"हिंदीत नको बोलू. किती खेपा सांगू." पण असं म्हणताना त्यांचे ओठ हसत होते. "जेवला का?"

"हव अम्मा। खा के आया।"

"जा नको आता."

"नहीं जाऊँगा अम्मा।"

त्यांनी डोकं खाली टेकलं. प्रेमलानं मास्क परत लावलं, तेव्हा त्यांनी विरोध केला नाही. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल झाल्या. एक हात त्यांनी गाडीच्या पुढच्या बाजूला, लहानूकडं सरकवून ठेवला. दुसरा हात प्रेमलाच्या हातात होता, ज्यात सुई होती तो.

थोडं पुढं गेलो असू. मशीनची टिकटिक बिघडली. रेघ नुसती थरथरायला लागली, आणि गोदावरीबाईंच्या घशातून घोरल्यासारखा एक आवाज आला. त्यांचा हात प्रेमलाच्या हातातून गळून पडला.

"लहानू, बाजूले घे! गाडी थांबव!"

गाडी थांबली. प्रेमलानं आईची चोळी कात्रीनं सरळ कापली. दोन्ही तळवे छातीवर ठेवून ती दाबायला लागली, सगळ्या अंगाचा भार देऊन, तोंडानं मोजत. आपल्या आईच्या छातीवर असा भार देणं काय असतं! काहीतरी कडकन वाजलं, बरगडी असावी. ती थांबली नाही. लहानू मागचं दार उघडून आत आला आणि त्यानं दोन मोठ्या पट्ट्या छातीला चिकटवल्या. मशीन बोलायला लागलं. "काकू, हात लावू नका कोणी. दूर," प्रेमला म्हणाली. तिनं बटण दाबलं. गोदावरीबाईंचं अंग उसळलं.

लगेच पुन्हा दाबायला सुरुवात. दाबता दाबता ती कुजबुजत होती. मी अगदी जवळ होते म्हणून ऐकू आलं. "मी आहे ना. मी आहे ना आई. मी आहे ना."

मग गोदावरीबाई खोकल्या. एवढंच. त्यांनी हात हलवून प्रेमलाचे हात ढकलले, दुखतं म्हणून. रेघ पुन्हा उड्या मारायला लागली. लहानू उडी मारून पुढं गेला आणि त्यानंतर त्यानं गाडी कशी नेली ते मला आठवत नाही.

दवाखान्याच्या दारात खरंच सगळे उभे होते. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन तिथं दिलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलंत. प्रेमलानं हो म्हटलं, गाडीत जाऊन स्ट्रेचर धुतलं, चादर बदलली, आणि मग गाडीच्या पायरीवर बसून तिनं दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिली. लहानूनं टपरीवरून चहा आणला. तो तिनं घेतला नाही. लहानू तिच्या शेजारी उभा राहून स्वतःच रडायला लागला, तेव्हा तिनं उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

गोदावरीबाई शुद्धीवर आल्या तेव्हा पहिलं वाक्य, "तो कुठं गेला?"

दोन दिवस प्रेमलानं टाळलं. बाहेर गेला, येईल, असं नर्सला सांगायला लावलं. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा ती आईजवळ स्टुलावर बसली होती, आणि मी आत येताना तिनं बोलायला सुरुवात केलीच होती म्हणून थांबली नाही. "आई, दिवाकर नव्हता. मी लहानूले हो म्हणायले लावलं. तू उठून राहिली होती म्हणून."

गोदावरीबाईंनी तोंड भिंतीकडं वळवलं.  मी डब्याचं झाकण काढू का नको अशी उभी. शेवटी त्या भिंतीकडं बघतच म्हणाल्या, "त्या पोट्ट्याले आण."

संध्याकाळी लहानू आला. पपई घेऊन आला होता, आणि दारातच अंग चोरून उभा राहिला. त्यांनी त्याला जवळ बोलावलं, हात हातात घेतला, बोटं उलटीपालटी करून बघितली.

"काहून हो म्हटलं रे तू?"

"दीदी ने कहा था अम्मा।" मग जरा थांबून, "और आप इतना पुकार रहे थे। कोई तो बोलता।"

त्यांनी मान हलवली. "तुया आवाज तसा नाही. त्याचा बारीक होता." त्याचा हात सोडला नाही. "आता तं त्याचा आवाजही बदलला असंल." मग त्याला जेवायला येत जा म्हणाल्या, रविवारी. त्यानं नुसतं "हव" म्हटलं.

तो गेल्यावर प्रेमलानं पपई कापली. कापता कापता, वर न बघता म्हणाली, "आई, साऱ्या रस्त्यानं तुयाजवळ मी होती. तू माहं नाव एकदाही नाही घेतलं."

मला वाटलं, आता मी बाहेर जायला हवं. पण मी बसूनच राहिले.

गोदावरीबाईंनी तिच्याकडं पाहिलं, जरा नवलानंच. "तू तं असतेसच," त्या म्हणाल्या.

प्रेमलानं पपईची फोड त्यांच्या हातात दिली आणि साल गोळा करून बाहेर टाकायला गेली. तिला परत यायला वेळ लागला.

ही चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. गोदावरीबाई आहेत. जिना चढत नाहीत, गोळ्या वेळेवर घेतात, मेथी अजून त्याच निवडतात. लहानूचं लग्न झालं, त्याची बायको आणि छोटी मुलगीही आता रविवारी येतात. दिवाकरचा पत्ता नाही. आता प्रेमला नव्या भरतीच्या मुलामुलींना शिकवायलाही जाते, आणि त्यांना ती दाढेची गोष्ट सांगते. पेशंट आपली आई होती एवढं मात्र सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात पंडरीच्या बसस्टँडवर जगदलपूरच्या गाडीतून उतरलेला एक माणूस बाकावर कोसळला. तिशीच्या पुढचा, एकटा, उंच. प्रेमला पोचली तेव्हा भोवती गर्दी, आणि कोणालाच त्याचं नाव माहीत नव्हतं. गर्दी बाजूला सारून तिनं त्याचा चेहरा पाहिला. मग गोळी, सुई, मशीन, सगळं झालं. तो शुद्धीवर होता, छातीवर मूठ दाबून एकच बोलत होता, माँ को मत बताना, माँ को मत बताना. दवाखान्यात त्याला सोपवल्यावर, डॉक्टरांनी धोका टळला म्हटल्यावर, तिनं त्याला समजावून नंबर घेतला आणि दवाखान्याच्या आवारात उभं राहून कांकेरला त्याच्या आईला फोन लावला. माँ जी, आपका बेटा रायपुर में है, ठीक है, मैंने अभी देखा है.

ती आई दुसऱ्या दिवशी मिळेल त्या बसनं रायपूरला आली, आणि मुलाला दवाखान्यातून घरी न्यायच्या आधी फोन करणाऱ्या मुलीला भेटायचं म्हणून पत्ता विचारत आमच्या गल्लीत आली. ठेंगणी, हातावर गोंदण, पिशवीत पोहे आणि तिखुर, म्हणजे जंगलातल्या कंदाचं पीठ. प्रेमला ड्युटीवर होती. गोदावरीबाईंनी तिला आत घेतलं, मलाही हाक मारली. ती छत्तीसगढीत बोलत होती, गोदावरीबाई त्यांच्या वऱ्हाडीत. सुरुवातीला मी मधे मधे सांगत होते, मग त्याची गरज राहिली नाही.

"तुमची पोरगी देवीसारखी," असं काहीतरी ती म्हणत होती. गोदावरीबाईंनी ते ऐकून मान डोलावली, पण त्यांना दुसरंच हवं होतं. त्या खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसल्या.

"फोन आला तवा तू काय करत होती?"

ती बाई सांगायला लागली. धान पाखडत होते. सूप हातात होतं. शेजारच्या पोरीनं मोबाईल आणून दिला. नाव ऐकलं आणि सूप खाली पडलं. मग 'ठीक है' ऐकू आलं. मग ती तिथंच अंगणात बसली, उठताच येईना.

गोदावरीबाई तिच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांचा हात आपल्या गुडघ्यावर हळूहळू फिरत होता.

"आवाज ऐकला का मग त्याचा?"

"सुनेंव दीदी. बोलिस, दाई, झन रो." मागून त्यानंच फोन केला होता, आई, रडू नको, म्हणून.

"अन् तू?"

"मैं तो रोवत रहेंव."

दुपार कलली. मी चहा ठेवला. बाहेर किराणावाल्यानं शटर अर्धं वर केलं. कांकेरच्या त्या बाईला चारची बस होती, ती पिशवी सावरून उठली. गोदावरीबाईंनी तिचा हात धरून तिला परत खाली बसवलं.

"अजून एकदा सांग," त्या म्हणाल्या. "धान पाखडत होती, तिथून सांग."